टी-शर्ट विकायचे म्हणता, मग मशीनच्या आधी उरलेल्या एक्सेल साइजच्या शर्टांचं बघा

प्रश्न वाचला. थोडक्यात असा, की तुम्ही चौघं मित्र नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, प्रत्येकी १०,००० काढून ४०,००० जमवलेत, कॉलेजातल्या आणि क्लासच्या पोरांना कस्टम टी-शर्ट विकायचे, थंडीत हुडी विकायच्या, आणि विचारायलास की हीट प्रेस (प्रिंट गरम दाबून कपड्यावर बसवायचं मशीन) घेऊ का छोटा डीटीएफ प्रिंटर (फिल्मवर छापणारा) घेऊ, कोणती प्रिंट टिकते, रेट कसा लावायचा, जीएसटी लागतो का. शेवटी बारीक आवाजात हे पण विचारलंस की काका यात पैसे राहतात का खरंच.

राहतात. पण कुठं जातात ते आधी सांगतो, कारण मी लातूरला बावीसेक वर्षं छपाईत आहे, लाकडी फ्रेम आणि नायलॉनच्या जाळीपासून सुरुवात केली, आणि दरवर्षी जून-जुलैत तुमच्यासारखी दोन-तीन टोळकी दुकानात येतात, डोळे चमकत असतात, पेन ड्राइव्हमधे पन्नास डिझाइन असतात. यातली बहुतेक पुढच्या जूनला नसतात. आणि डिझाइन वाईट म्हणून नाही बुडत, प्रिंट निघाली म्हणून पण नाही, बुडतात ते हॉस्टेलच्या कॉटखाली पडलेल्या गोणीमुळं. त्या गोणीत काय असतं, एस आणि डबल एक्सेल. एम आणि एल विकून संपलेले असतात, आणि नफा म्हणून जे दिसत होतं ते सगळं त्या गोणीत बसलेलं असतं.

हे आकड्यात बघ. समज तुम्ही उत्साहात २०० कोरे टी-शर्ट उचलले, १५० रुपयाला एक, म्हणजे ३०,००० गेले. होलसेलवाला सेटमधे देतो, एस-एम-एल-एक्सेल ठरलेल्या प्रमाणात, तुला पाहिजे ते निवडून देत नाही. त्यातले १५५ विकले, एका शर्टामागं ८५ सुटले, झाले १३,१७५. वा. पण ४५ उरले ना, त्याचे ६,७५० अडकले, म्हणजे कमाईतली निम्म्याहून जास्त रक्कम कापड होऊन पडली. आणि हे कोरे उरले तर. त्यावर "बॅच २०२६" छापून बसला असाल तर ते फरशी पुसायच्या कामाचे, कारण २०२७ ची पोरं २०२६ चा शर्ट फुकट पण घालत नाहीत.

म्हणून पहिलं वर्ष तरी तुम्ही छपाईवाले नाही, तुम्ही ऑर्डर गोळा करणारे. कापड दुसऱ्याचं, मशीन दुसऱ्याचं, तुमचा फक्त शब्द आणि यादी. आधी नावं, मग पैसे, मग माल. हा क्रम उलटा केला की गोणी तयार.

आता मशीनचं. डीटीएफ प्रिंटर घेऊ नका, हात जोडून सांगतो. डीटीएफ म्हणजे फिल्मवर रंग, त्याच्या मागं पांढरी शाई, त्यावर गोंदाची पावडर, ती भाजायची आणि मग ती फिल्म कपड्यावर दाबायची. ऐकायला सोपं. पण पांढरी शाई जड असते, खाली बसते, मशीन रोज चाललं नाही की शाई सोडणाऱ्या हेडची छिद्रं बुजतात, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमधे पारा ४२-४३ ला जातो, हवा कोरडी ठक्क, नेमकी तेव्हाच तुमची परीक्षा आणि सुट्टी. महिनाभर बंद पडलेला प्रिंटर जूनला उघडलात की नवीन हेडचा खर्च ऐकून चौघांची मैत्री तुटेल. ज्याचं मशीन रोज दहा-दहा तास चालतं त्याच्याकडून मीटरवर प्रिंट घ्या. आता नांदेड, लातूर, संभाजीनगर सगळीकडं मीटरच्या भावानं प्रिंट काढून देणारे आहेत, फाइल पाठवायची, रोल घरी येतो.

हीट प्रेस घ्यायला हरकत नाही पण आत्ता नाही. आणि हॉस्टेलवर तर अजिबात नाही, ती साधारण दोन किलोवॅटच्या आसपास ओढते, हॉस्टेलच्या वायरिंगवर लावली की अख्खा मजला अंधारात, आणि मग रेक्टरसमोर कोण उभं राहणार ते आधीच ठरवून ठेवा. सलग पाच-सहा महिने महिन्याला शंभर शर्टाच्या वर काम होतंय असं दिसलं की मग घ्या, १५ ॲम्पिअरच्या वेगळ्या पॉइंटवर, कुणाच्या तरी घरी. तोवर ज्याच्याकडून प्रिंट घेता त्यालाच म्हणायचं, भाऊ रविवारी तुझी प्रेस रिकामी असते, आम्ही येऊन दाबतो, शर्टामागं काय ते घे. बहुतेक जण हो म्हणतात, मी पण म्हणतो, फक्त वेळेवर पैसे द्या आणि त्याच्या दुकानात रील काढत बसू नका.

प्रिंट कोणती टिकते हा प्रश्न लई जण विचारतात आणि उत्तर एकच पाहिजे असतं, तसं नाहीये ते. कापड काय, रंग किती, नग किती यावर सगळं. कॉटनवर एका रंगाचं काम आणि नग पन्नासच्या वर, तर डोळे झाकून स्क्रीन प्रिंट, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबायची. फ्रेम एकदाच बनते, रंगाला एक फ्रेम, तो खर्च १० शर्टावर टाकला तर जड जातो, १०० वर टाकला तर दिसत पण नाही. काळ्या शर्टावर पांढरं पाहिजे तर आमच्याकडं खादी किंवा रबर म्हणतात ती शाई, नाहीतर प्लॅस्टिसोल, म्हणजे प्लास्टिकसारखी शाई, पण प्लॅस्टिसोल नीट १६० डिग्रीच्या आसपास भाजली गेली पाहिजे, उन्हात वाळवून पिवळ्या पिशवीत भरणारे आहेत, त्यांची प्रिंट तिसऱ्या धुण्याला पापडासारखी उडते आणि नाव तुमचं खराब होतं, त्याचं नाही.

चार-पाच रंग, फोटो, शेडिंग, किंवा प्रत्येक शर्टावर वेगळं नाव, तिथं डीटीएफ. कॉटनवर १५० ते १६० डिग्री, दहा-पंधरा सेकंद, फिल्म थंड होऊ द्यायची मग सोलायची (काही फिल्म गरम असतानाच सोलायच्या असतात, रोल देणाऱ्याला विचारा), आणि मग परत एकदा बटर पेपर नाहीतर टेफ्लॉन ठेवून पाच-दहा सेकंद दाबायचं. हे दुसरं दाबणं नव्वद टक्के पोरं खातात, घाई असते, आणि मग प्रिंटच्या कडा उचलतात. एवढा मोठा चौकोन छातीवर छापू नका की पोरगं मे महिन्यात त्याच्या आत उकडून निघेल, डीटीएफ म्हणजे शेवटी प्लास्टिकचा थर, हवा जात नाही. डिझाइनमधे मोकळी जागा ठेवा, कापड दिसलं पाहिजे मधून मधून.

सब्लिमेशन फक्त पॉलिस्टरवर आणि तेही पांढऱ्या किंवा फिक्या रंगावर. १९०-२०० डिग्रीला शाईची वाफ होऊन धाग्यात शिरते, हाताला लागत नाही, निघत नाही. कॉटनवर करून बघायचा हट्ट करू नका, धरत नाही.

पॉलिस्टरवरून आठवलं, हे माझ्या खिशातून गेलेलं आहे म्हणून नीट वाच. औशाकडच्या एका गावची कबड्डीची टीम, लालभडक पॉलिस्टरच्या जर्सी, त्यावर पांढरे नंबर आणि नावं. रात्री बारापर्यंत दाबले, काय देखणे दिसत होते, फोटो काढून स्टेटसला ठेवले. दोन दिवसांनी कॅप्टनचा फोन, काका आमचे नंबर गुलाबी कामून झाले? मला वाटलं चेष्टा करायलाय. जाऊन बघतो तर खरंच गुलाबी, अगदी बाळाच्या झबल्यासारखे. पॉलिस्टरचा लाल रंग उष्णतेनं सुटतो आणि हळूहळू वरच्या पांढऱ्यात चढतो, लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतो. त्याला रंग अडवणारी फिल्म-पावडर वेगळी मिळते, तापमान कमी ठेवावं लागतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक शर्ट छापून तीन दिवस ठेवून बघायचा मग बाकीचे छापायचे. मी बघितला नव्हता. १४ जर्सी पुन्हा छापून दिल्या पण फायनलनंतर, फायनलला ते गुलाबी नंबरवरच खेळले आणि जिंकले म्हणून वाचलो.

कापड घेताना जीएसएम जीएसएम (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधे वजन) सगळे करतात, होलसेलवाला १८० सांगून १५५ चं देतो आणि कुणाला कळत नाही. कळून घ्यायचं सोपं आहे. एका शर्टातून १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा, सराफाकडं जाऊन त्याच्या काट्यावर ठेवा. १.८ ग्रॅम भरला तर १८० जीएसएम, १.५५ भरला तर तुम्हाला टोपी घातली. सराफ हसेल, हसू द्या. एक शर्ट बळी जातो पण २०० शर्टाचं पाप टळतं. तसंच एक धागा काढून काडीनं पेटवून बघायचा, कागदासारखा जळून राख झाली तर कॉटन, वितळून काळा मणी झाला तर पॉलिस्टर, दोन्ही थोडं थोडं झालं तर मिक्स. १०० टक्के कॉटन म्हणून मिक्स देणारे भरपूर आहेत. माल शेवटी बहुतेक तिरुपूरचाच असतो, तामिळनाडूतून ट्रकनं येतो, तुम्ही थेट मागवाल तर कमीत कमी नग जास्त सांगतात आणि आठवडाभर तरी धरावा लागतो. नांदेडकरांना हैदराबाद जवळ, तिथूनही बरेच जण आणतात. पण पहिल्या पाच-सहा ऑर्डरी गावातल्या होलसेलवाल्याकडूनच घ्या, शर्टामागं दहा रुपये जास्त गेले तरी चालतील, कारण तो तीन एक्सेल परत घेऊन तीन एल देतो, तिरुपूरवाला देणार नाही. त्या दहा रुपयात गोणीचा विमा उतरला असं समजा.

कॉटन धुतलं की आटतं, बायोवॉश केलेलं, म्हणजे एन्झाइमनं धुऊन मऊ केलेलं, कमी, साधं जास्त, तीन ते पाच टक्के धरून चाला. ३८ चा शर्ट अंगाला घट्ट बसणाऱ्यानं ४० घ्यावा हे तुम्ही सांगायचं, तो स्वतः सांगणार नाही. आणि साइज फॉर्ममधे विचारू नका! सगळे एम लिहितात. पोरांना वाटतं आपण एम आहोत. तुम्ही एकच स्टॉक विकत घ्यायचा, तो म्हणजे पाच साइजचा एक कोरा संच, १५० नं धरलं तर ७५०, तो वर्गात घेऊन जायचा, अंगात घालायला लावायचा आणि मग यादीत साइज लिहायची, त्याच्याच हातानं. पोरींसाठी वेगळा संच ठेवता आला तर उत्तम, आपल्याकडं पोरींना मुलांच्या मापाचा शर्ट गळ्यात मारतात, खांदा उतरतो, मग एकदा घालून कपाटात, आणि पुढच्या वर्षी त्या वर्गातल्या अर्ध्या पोरी ऑर्डरच देत नाहीत.

रेट. साठ जणांच्या वर्गाची ऑर्डर धरू, छातीवर छोटा लोगो आणि पाठीवर ए४ एवढं डिझाइन. आकडे माझ्या अंदाजाचे, तुमच्याकडचे भाव टाकून परत मांडा. डीटीएफचा रोल साधारण २२ इंच छापता येतो, एक मीटर म्हणजे ३९ इंच. ए४ असतं ८.३ बाय ११.७ इंच. रुंदीत दोन, उंचीत तीन, सहा पाठी बसल्या, आणि बाजूला पाचेक इंचाची पट्टी रिकामी राहते ना, तिच्यात साडेतीन इंचाचे दहा लोगो फुकटात बसतात. नवीन पोरं ही पट्टी कोरी सोडतात आणि लोगोचे वेगळे पैसे भरतात. म्हणजे साठ शर्टाला दहा मीटर, मीटर २२० नं धरलं तर २,२००, शर्टाला ३७ रुपये. कोरा शर्ट १५०, दाबायचे १०, आणायचं भाडं ५, पिशवी ३. झाले २०५. त्यावर खराबीचे १० धरायचेच, एखादा तिरपा दाबला जातो, एखाद्यावर चहा सांडतो, एखाद्याची शिवण उसवलेली निघते. २१५. हा खर्च, किंमत नव्हे. ३०० ला विकला तर ८५ सुटतात, साठाचे ५,१००, चौघात प्रत्येकी १,२७५, आणि त्यासाठी दोन आठवडे फोनवर. सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, म्हणणार मला फुकट पाहिजे, देऊन टाका पण तो २१५ चा शर्ट साठ जणांवर वाटला की साडेतीन रुपये होतात ते आधीच रेटमधे धरा, नंतर खिशातून नाही. आणि वर्गात कुणीतरी असा असतोच जो म्हणतो ऑनलाइन १९९ ला मिळतो. त्याला म्हणायचं घे बाबा. त्याच्याशी भांडत बसू नका, त्याला तुमच्या वर्गाचं नाव छापलेला १९९ ला कुणी देणार नाही हे त्याला पण माहितीये.

पैसे पूर्ण आधी घ्यायला संकोच वाटत असेल तर निम्मे आधी घ्या, पण निम्म्यात कापडाचा खर्च निघतो का बघा. १५० आले तर कापड निघालं, प्रिंट तुमच्या पैशावर. उरलेले पैसे शर्ट हातात देताना, यूपीआयचा आवाज ऐकल्यावर. "उद्या देतो" वाले मित्रच असतात, परके वेळेवर देतात, हा माझा अनुभव. यूपीआय एकाच्या खात्यावर घ्या आणि ते खातं फक्त ह्याच कामाला ठेवा, नाहीतर त्याच खात्यातून मेसचे पैसे गेले की महिनाअखेरी हिशोबाला चौघं चार बाजूला तोंड करून बसतात.

हिशोबावरून, चौघांत काय ठरलंय ते लिहून काढा, साध्या वहीत पण चालेल, चौघांच्या सह्या. कायद्यानं, म्हणजे १९३२ च्या भागीदारी कायद्यानं, काही ठरवलेलंच नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो. म्हणजे एकजण उन्हात मोंढ्यापासून विष्णुपुरीपर्यंत गठ्ठे वाहतो आणि दुसऱ्यानं फक्त एकदा लोगो बनवला, तरी वाटा सारखा. हे आता गोड वाटतं, डिसेंबरात वाटणार नाही. जो गठ्ठे वाहतो त्याला शर्टामागं पाच रुपये आधी, मग उरलेले सारखे, असं काहीतरी ठरवा. आणि कुणी मधेच इंटर्नशिपला पुण्याला गेला तर त्याचे १०,००० कधी परत द्यायचे ते पण.

जीएसटीचं ऐकून घाबरू नका. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखाच्या आत असेल आणि विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर नोंदणी लागत नाही. ४० लाख गाठलेत तर मला जेवायला बोलवा. पण नांदेडला एक खोच आहे, तुमच्या उशाला तेलंगण. देगलूर, बिलोली, धर्माबादवरून पलीकडं निजामाबाद, भैंसा, मित्र सगळीकडं, उदगीरवाल्यांना बीदर तसंच. तिकडं कुरिअरनं माल पाठवून विकला की ती आंतरराज्य विक्री झाली आणि तिथं ४० लाखाची सूट लागू होत नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. म्हणून सुरुवातीला सीमेच्या अलीकडंच राहा. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावून वसूल पण करायचा नाही, काही शहाणे साधं बिलबुक छापून ५ टक्के जोडतात, तो गुन्हाच आहे. तुम्ही कापड घेताना जो जीएसटी भरता (२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आहे) तो तुमचा खर्च समजा. अडचण एकच, कॉलेज स्वतः ऑर्डर देतं तेव्हा ऑफिसवाले जीएसटी बिल मागतात, तशा दोन-तीन ऑर्डरी दरवर्षी मिळायला लागल्या की मग नोंदणीचा विचार. छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी मात्र फुकट होते, आधारवर, ती करून ठेवा, त्यासाठी कुणी दोन हजार मागत असेल तर त्याला चहा पाजून पाठवा.

डिझाइनचं. मराठी मजकूर छापणार असाल, आणि छापाच, कारण तेच तुम्हाला ऑनलाइनवाल्यापेक्षा वेगळं करतं, तर फॉन्ट फुटण्याची तयारी ठेवा. तुमच्या लॅपटॉपवर "चाऱ्या" बरोबर दिसतं, प्रिंटवाल्याच्या जुन्या कोरलमधे (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडलं की ऱ्या चा तुकडा पडतो, ऱ्हस्व इकार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, रफार हवेत. त्याच्याकडं जुने फॉन्ट, तुमच्याकडं युनिकोड, दोघांचं जमत नाही. मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं रेषाचित्र करून, पाठवा, किंवा खऱ्या मापाची ३०० डीपीआयची पारदर्शक पीएनजी, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते दाबून अर्धी करतं आणि कडा कुरतडल्यासारख्या येतात. फॉन्ट फुकटचे चांगले मिळतात, मुक्ता, बालू हे 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे, परवाना मोकळा आहे, धंद्याला चालतात. चोरून उतरवलेले वापरू नका. पाठीवरची नावं तुम्ही टाइप करूच नका, ज्याचं त्यानं फॉर्ममधे टाकलेलं जसंच्या तसं उचला आणि छापायच्या आधी वर्गाच्या ग्रुपवर पूर्ण यादी टाकून एक दिवस द्या. मी एकदा "ऋतुजा" चं "रुतुजा" केलं होतं, पोरगी रडली, आई दुकानात आली. तेव्हापासून यादीवर सही घेतो.

सिनेमातले हिरो, आयपीएलच्या टीमचे लोगो, कार्टून, हे दुसऱ्याच्या मालकीचं असतं, सगळे छापतात म्हणून तुम्ही छापू नका. कॉलेजचा लोगो छापायचा तर प्राचार्यांची लेखी परवानगी, तोंडी नाही. आणि १५ ऑगस्टला तिरंगा टी-शर्टची आयडिया दरवर्षी कुणाला तरी येतेच. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा अपमान रोखणारा कायदा आहे, त्यानं कपड्यावर राष्ट्रध्वज छापायला, भरतकाम करायला मनाई आहे. तीन रंगांचे वेगळे पट्टे, नकाशा, अक्षरं असं काहीतरी डोकं लावा, ध्वज जसाच्या तसा नको.

गिऱ्हाईक कुठून आणायचं ते तू विचारलंच नाहीस, तुला वाटतंय कॉलेज पुरेल. नाही पुरत. एका वर्गाची ऑर्डर वर्षात एकदा. आपल्याकडं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे पोलीस भरती आणि आर्मी भरतीच्या अकॅडम्या, तालुक्या-तालुक्याला आहेत, दर बॅचला नवीन पोरं, सकाळी पाच वाजता ग्राउंडवर एकसारख्या टी-शर्टमधे. तिथं कॉटन चालत नाही, घाम, ड्रायफिट (घाम लवकर वाळवणारं पॉलिस्टर) पाहिजे, एका रंगाची प्रिंट, आणि मास्तर एकदा खूश झाला की चार वर्षं सुटत नाही. लातूरकडं क्लासेस, गावोगावच्या क्रिकेट स्पर्धा, गणेश मंडळं. आणि तारखा: १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, १७ सप्टेंबर, मराठवाड्यात या तीन तारखा म्हणजे आमची दिवाळी, भगव्याचा आणि निळ्याचा साठा होलसेलवाल्याकडं ऐनवेळी मिळत नाही म्हणून महिनाभर आधी बोलून ठेवावं लागतं. पण १५ एप्रिलला निळ्या शर्टाला गिऱ्हाईक नाही, आणि महापुरुषांचं चित्र छापलेला शर्ट उरला तर त्याचं पोतेरं पण करता येत नाही, करूही नये. तिथं तर यादी आणि पूर्ण पैसे आल्याशिवाय एक नग जास्त छापू नका.

निवडणुकीचं काम आलं तर पूर्ण आगाऊ. पडलेला उमेदवार फोन उचलत नाही, निवडून आलेला तर त्याहून नाही.

तर ४०,००० चं काय करा. दोन कोरे संच, एक गोल गळ्याचा एक कॉलरचा, तीन-चार नमुने छापून घ्या चांगले, ते तीन दिवस ठेवा, दहा वेळा धुवा, उलटे करून, आणि धुतलेलेच नमुने गिऱ्हाईकाला दाखवा, नवीन सगळेच दाखवतात. हे धरून चार-पाच हजार जातील. बाकीचे बँकेत पडू द्या. ते खर्च करायला नाहीत, एखाद्या वर्गाचे पैसे चार दिवस उशिरा आले तर कापड उचलायला आहेत, आणि एखादी ऑर्डर पूर्ण बिघडली तर परत छापून द्यायला.

हुडीचं राहिलं. लुधियानाचा माल असतो बहुतेक, एक नग ४०० च्या पुढंच पडतो, म्हणजे गोणी भरली तर दुप्पट-तिप्पट जड. आपल्याकडची थंडी किती, परभणी-नांदेडला चार दिवस कडाका पडतो, पेपरात बातमी येते, सगळ्यांना हुडी आठवते, आणि माल येईपर्यंत संक्रांत. यादी ऑक्टोबरात, माल नोव्हेंबरच्या मध्याला हातात, १५ डिसेंबरनंतर एक पण ऑर्डर घ्यायची नाही, कितीही गोड बोलू दे. मी एकदा २० डिसेंबरला एका बॅचची घेतली होती, माल १२ जानेवारीला आला, २६ जणांनी घेतलीच नाही. काही पाहुण्यांना दिल्या, काही रानातल्या गड्यांना, आमच्या घरी अजून तीन आहेत. त्यातली एक घालूनच हे लिहायलोय, पाठीवर "मेकॅनिकल २०१६", आणि मी बी.कॉम. नापास.